माझ्या चौदा सवती

आमच्या बाहेरच्या खोलीत माझ्या चौदा सवती राहतात. काचेच्या कपाटात, मखमलीवर. पाच ट्रम्पेट, तीन कॉर्नेट, दोन बिगुल आणि बाकीची जरा लठ्ठ मंडळी. एकदा आमचे हे फ्रिज आणायला गेले आणि फ्रेंच हॉर्न घेऊन आले. तो अख्खा उन्हाळा आम्ही कोमट पाणी प्यायलो.

गेल्या वर्षी जिन्यावरून पडून यांचे पुढचे चार दात गेले. ट्रम्पेट वाजवणाऱ्याच्या ओठांना दातांचाच आधार, त्यामुळे वाजवणं बंद. मला वाटलं, सुटले एकदाची! चौथ्या दिवशीच घर खायला उठलं.

आठ महिन्यांनी नवे दात बसले. त्या आनंदात मी यांच्या लाडक्या ट्रम्पेटला गुपचूप अंघोळ घातली. तीस वर्षं बघत आले होते: कोमट पाणी, साबण, लांब ब्रश, बोटांनी दाबायचे ते तिन्ही पिस्टन काढून पुसायचे, तेल लावून परत आत. मी सगळं तस्संच केलं.

संध्याकाळी यांनी ते ओठांना लावून फुंकलं. गाल फुगले, मान लाल झाली, पण सूर काही येईना. पुन्हा फुंकलं. मग ट्रम्पेट कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"संपलं माझं," म्हणाले. बाकीच्या तेरांपैकी एकालाही हात लावला नाही. सकाळी संगीतशाळेत फोन केला, सगळी वाद्यं घेऊन जा म्हणून. मी भांडले, रडले, अबोला धरला. माणूस ढिम्म हलला नाही.

रविवारी शाळेच्या बाई खोकी घेऊन आल्या. यांचीच जुनी शिष्या. त्यांनी नेमकं ते लाडकंच आधी उचललं.

"सर, वाजवून बघू?"

"आता तुमचंच आहे," हे खिडकीकडे बघत म्हणाले.

बाईंनी फुंकलं. मग भुवया उंचावल्या. "सर, यात वारा पुढे जातच नाहीये."

हे गर्रकन वळले. ट्रम्पेट जवळजवळ हिसकावूनच घेतलं आणि पिस्टन उपसले. प्रत्येकावर बारीक आकडा कोरलेला असतो म्हणे. एकच्या जागी तीन होता, तीनच्या जागी एक.

"हे कोणी केलं?"

"मी धुतलं होतं," मी पुटपुटले. "आकडे असतात हे मला काय ठाऊक?"

बाई हळूच म्हणाल्या, "सर, पहिल्याच दिवशी तुम्ही सांगितलं होतं. सूर आला नाही तर आधी पिस्टन बघ, मग स्वतःला दोष दे."

हे मटकन खुर्चीत बसले. "सुचलंच नाही गं," मला म्हणाले. "पडल्यापासून मी धरूनच चाललो होतो, की आता आपलं संपलं."

पिस्टन आपापल्या जागी गेले. ट्रम्पेट ओठांपाशी आलं आणि तिथेच थांबलं. आता दोष द्यायला दुसरं काही उरलं नव्हतं.

सूर आला. फाटका, थुंकीने भरलेला, मध्येच खचणारा, पण आला. बाईंनी खोकी दाराबाहेर नेऊन ठेवली.

"अगदीच भयंकर, नाही?" यांनी मला विचारलं.

"कान किटले," मी डोळे पुसत म्हटलं. "थांबलात कशाला?"