ताटाची डावी बाजू

"कब से, सिस्टर?" रेसिडेंट डॉक्टरने विचारलं. केसपेपरवर पेन टेकवून तो थांबला होता.

"आज सुबह से," सुनयना म्हणाली.

त्याने तसं लिहिलं. सिस्टरचा शब्द होता, दुसऱ्यांदा विचारायचं कारण नव्हतं. न्यूरॉलॉजीच्या या ओपीडीत सुनयना एकोणीस वर्षं होती. आलेल्या माणसाच्या नातेवाइकांना हाच प्रश्न ती रोज विचारायची आणि ते गडबडले की म्हणायची, "सोच के बताइए. जल्दी नहीं है."

स्ट्रेचरवर तिचे यजमान संपतराव निवांत पडले होते. डावा हात स्ट्रेचरच्या कडेवरून मोकळा लोंबत होता. तो उचलून कुणीतरी पोटावर ठेवला, तेव्हा त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. "मला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "धौला कुआँहून बस साडेसातला सुटते. मला जाऊ द्या."

साडेसात वाजून दोन तास झाले होते.

संपतराव सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, त्याला चार वर्षं झाली होती. मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना नवा उघडला, तिथे ते गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर लागले. राहायला लक्ष्मीबाई नगरमधलं सरकारी क्वार्टर, ते सुनयनाच्या नोकरीचं. मुलगी भक्ती गुडगावला एका कॉल सेंटरमध्ये होती आणि मैत्रिणींबरोबर तिकडेच राहायची.

भाऊबीजेला सुनयनाचा भाऊ विश्वास साताऱ्याहून आला होता. जेवताना संपतरावांनी गुडगावच्या फ्लॅटचा विषय काढला. आठवा मजला, लिफ्ट, चोवीस तास पाणी. विश्वास ऐकत होता, संपतराव खुलले होते. सोसायटीच्या गेटवर कसा गार्ड असतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला कसा सलाम करतो, तेही त्यांनी सांगितलं. भात वाढता वाढता सुनयना म्हणाली, "आधी तुम्ही गेटवर सलाम ठोकायचं थांबवा, मग आठव्या मजल्याच्या गोष्टी करा. तोपर्यंत क्वार्टर माझ्या नावावर आहे, त्यात राहा."

विश्वास ताटाकडे बघत राहिला. संपतरावांनी भात संपवला, हात धुतले आणि दुसऱ्या दिवसापासून कामापुरतंही बोलणं बंद केलं. सुनयनानेही केलं. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात असे अबोले झाले होते. कधी चार दिवस, कधी आठ.

ओपीडीच्या भिंतीवर मेंदूचा रंगीत तक्ता आहे. दर सोमवारी शिकाऊ नर्सेसना त्याच्यासमोर उभं करून सुनयना समजावते. कपाळामागचा पिवळा भाग माणसाने काय करायचं ते ठरवतो, आणि काय करायचं नाही, काय बोलायचं नाही, तेही ठरवतो. कानाच्या वर ऐकणं आणि आठवणी. बोलणं बहुतेकांचं डाव्या बाजूला. बघायला डोळे पुढे असले तरी बघण्याचं काम डोक्याच्या अगदी मागे होतं. उजव्या बाजूला वरचा हिरवा भाग आला की ती थांबते. मुलींना तो खरा वाटत नाही. इथे रक्त पोचलं नाही, तर माणसाचे डोळे शाबूत राहतात, पण जगाची डावी बाजू त्याच्या हिशेबातून जाते. फूल काढायला सांगितलं तर अर्धंच काढतो. घड्याळाचे सगळे आकडे एकाच बाजूला कोंबतो. आणि आपलं काही बिघडलंय हे त्याला पटत नाही. शेवटी ती म्हणते, "खाने की थाली देखो. आधी थाली छोड़ देगा."

भाऊबीजेनंतर तीन दिवसांनी संपतरावांच्या ताटात डावी बाजू तशीच राहिली. लिंबाची फोड, कांदा, शेंगदाण्याची चटणी आणि त्या बाजूची चतकोर भाकरी. उजवीकडची भाजी आणि आमटी संपली होती. चटणी ती स्वतः खलबत्त्यात कुटायची, कारण मिक्सरवरची त्यांना चालत नसे. ते जेवणाची सुरुवातच चटणीने करत. सुनयनाने ते ताट पाहिलं आणि मनात म्हणाली, अच्छा, आता असं का.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी तिने डावी बाजू वाढलीच नाही. त्यांनी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

नवव्या दिवशी सकाळी ते आरशासमोरून वळले, तेव्हा डाव्या गालावर खुंट तसेच होते. सैन्यातल्या चोवीस वर्षांत आणि नंतरही या माणसाने दाढी न करता उंबरठा ओलांडला नव्हता. सुनयना दारात चप्पल घालत होती. एक क्षण तिचा पाय तसाच राहिला. विचारायचं तर आधी आपण बोलायला हवं होतं. खोलीत उजेड कमी आहे, असं तिने स्वतःला सांगितलं आणि ती ड्यूटीवर गेली.

अकराव्या दिवशी ते बाथरूममध्ये पडले.

सीटी स्कॅन दुपारी आला. डॉक्टरने फिल्म उजेडावर लावली. सुनयनाला ती वाचता येत होती, तरी त्याने बोट ठेवून दाखवलं. "ये आज का है. और ये छोटावाला पुराना. दस-बारह दिन का लगता है. घर में किसी ने कुछ नोटिस नहीं किया?"

"नहीं," सुनयना म्हणाली.

भक्ती शेजारीच उभी होती. "मम्मी को कुछ दिखता तो मम्मी छोड़ती क्या," ती डॉक्टरला म्हणाली. "वो तो दूर से देखके बता देती हैं." तिने आईच्या खांद्यावर हात ठेवला. सुनयनाला तो काढून टाकावासा वाटला.

दवाखान्यातल्या बाराव्या दिवशी त्यांना घरी सोडलं. डावा पाय जरा ओढत होता, हातात अजून जोर आला नव्हता. बोलणं स्वच्छ होतं. पहिल्या रविवारी कारखान्यातला गार्ड श्याम भेटायला आला. रेवाडीचा माणूस, साहेबांसाठी पेरू घेऊन आला होता. संपतराव झोपले होते म्हणून तो बाहेरच्या खोलीत बसला.

"मैडम, गलती मेरी है," तो म्हणाला. "साहब हफ़्ते भर से गाड़ी का नंबर आधा लिख रहे थे. बस पीछे के चार अंक. मैंने सोचा साहब टाइम बचा रहे हैं. मैं बाद में पूरा कर देता था. ऊपर बता देता तो शायद..."

"आपको कैसे पता चलता," सुनयना म्हणाली.

"फिर भी जी. देखा तो मैंने था."

तो चहा पिऊन गेला. त्याचा कप सुनयनाने रात्रीपर्यंत उचलला नाही.

सोमवारी तिने शिकवणी घेतली नाही. केसपेपर घेऊन ती डॉक्टरकडे गेली. "हिस्ट्री गलत है. ग्यारह दिन लिखिए. खाना आधा छोड़ते थे. दाढ़ी भी आधी. मैंने देखा था."

डॉक्टर तरुण होता. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. 'आज सुबह' खोडून त्याने दुरुस्ती केली आणि खाली सही केली.

"उस दिन ले आती तो?" तिने विचारलं.

"दवा शुरू हो जाती. दूसरा अटैक शायद रुकता. शायद नहीं भी." मग तो म्हणाला, "सिस्टर, एक काम कीजिए. सामान उनकी बाईं तरफ़ रखिए, आप भी उधर ही बैठिए. और थाली घुमाके मत दीजिए. ढूँढने दीजिए."

हे ती स्वतः शेकडो घरांना सांगत आली होती.

त्या संध्याकाळी तिने चटणी कुटली. ताट पूर्ण वाढलं आणि ती संपतरावांच्या डाव्या हाताला बसली. ते जेवू लागले. भाजी, आमटी, उजवीकडची भाकरी.

"अहो, मी पाहिलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही पडायच्या आधीच. ताट अर्धं राहायचं ते. मला वाटलं, माझ्यावरचा राग काढताय. दाढीही पाहिली होती."

ते जेवत राहिले. त्या बाजूचं त्यांना कधी ऐकू येई, कधी लक्षातच येत नसे. सांगून झालं, असं म्हणता आलं असतं. मग ती उठली, ताटाला वळसा घालून उजवीकडे गेली, समोर त्यांना दिसेल अशी बसली आणि तेच सगळं पहिल्यापासून पुन्हा बोलली. डॉक्टरला आधी खोटं सांगितलं, तेही.

संपतरावांचा घास हातातच राहिला.

"मी म्हटलं, तूच चटणी वाढायची बंद केलीस," ते म्हणाले.

"चौथ्या दिवशी केली. आधी होती."

"मला नाही दिसली." घास ताटात ठेवत ते म्हणाले, "मागावंसं वाटलं नाही. म्हटलं, गेटवरच्या माणसाला कशाला हवी चटणी."

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. ती चौथ्या किकला सुरू झाली.

"आज पण नाही वाढलीस," ते म्हणाले. त्यात तक्रार नव्हती.

"आहे. डावीकडे बघा."

"बघतोय की."

"अजून. ताटाच्या कडेवर बोट ठेवा आणि कडेकडेने न्या."

संपतरावांनी उजव्या हाताचं बोट ताटाच्या कडेवर टेकवलं. भाजीपासून ते हळूहळू वर सरकलं, मधेच थांबलं. तिने हात पुढे केला नाही. बोट पुन्हा निघालं, एखाद्या अनोळखी रस्त्यावरून जावं तसं, लिंबाच्या फोडीला अडलं, त्याच्याबरोबर मानही वळली, आणि बोट चटणीत रुतलं. त्यांनी ते तोंडात घातलं. सवयीप्रमाणे आधी जिभेवर धरून ठेवलं.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले.

सुनयना उठली, आतून मीठ घेऊन आली, आणि जिथे वाढतात तिथेच तिने ते वाढलं, डावीकडे.