सातव्या रांगेतली कडेची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. घरातली नव्हे, शाळेतली तर मुळीच नव्हे, मी नाटकगृहातली. सातवी रांग, मधल्या वाटेला लागून अगदी कडेची जागा. लोक म्हणतात, एकदा खुर्ची मिळाली की माणसाला ती सोडवत नाही. खुर्चीलाही माणूस सोडवत नाही, हे मात्र कुणी म्हणत नाही. म्हणून म्हटलं, आपणच सांगावं.

माझा जन्म नाटकगृहामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाला. जुना रंगमंच मोडला तेव्हा सुतारदादांनी त्याच्याच फळ्यांतून माझे हात आणि पाठ काढली. म्हणजे नाटक माझ्या लाकडातच मुरलेलं. बैठक मात्र वेताची. ती विणायला ज्या बाई येत, त्यांना सगळे ताई म्हणत. त्यांना जन्मापासून दिसत नव्हतं, पण त्यांच्या बोटांना सगळं दिसायचं. भिजवलेला वेत त्या भोकाभोकांतून ओढून घेत, अंगठ्याने दाबून पाहात आणि मनासारखं झालं नाही की, "ढिली आहेस गं तू," म्हणून पुन्हा उसवत. मला त्यांनी दोनदा उसवलं. तिसऱ्या वेळी पाठीवर एक चापट मारली आणि म्हणाल्या, "ही जमली." माझ्या आयुष्यातली ही पहिली शाबासकी.

मग चार बोल्ट घालून मला फरशीला पक्कं केलं आणि माझा संसार सुरू झाला.

दर रविवारी दुपारच्या खेळाला ताई यायच्या. बरोबर त्यांचा धाकटा भाऊ. तो घड्याळं दुरुस्त करायचा. त्यालाही सगळे भाऊच म्हणत. ताई माझ्या शेजारणीवर बसत आणि भाऊ माझ्यावर. काटकुळा माणूस, ओझं म्हणाल तर नावालाच, पण नाटक रंगात आलं की टाच अशी हलवायचा की माझे बोल्ट कुरकुरत.

आता तुम्ही विचाराल, ज्यांना दिसत नाही त्या नाटक कसं बघत? भाऊ त्यांना सांगायचा. नटांचं बोलणं ताईंना ऐकू यायचंच. भाऊ सांगायचा ते न बोललेलं. तेही दोन-तीन शब्दांत, घड्याळातला बारीक स्क्रू चिमट्याने ठेवावा तसं. "दार उघडलं. कुणी नाही." "पत्र फाडलं. हसतेय." सुरुवातीला मागचे लोक चिडायचे. एकदा एक गृहस्थ पुढे वाकून म्हणाले, "अहो, जरा हळू!" आणि पाचच मिनिटांनी पुन्हा वाकले. "आत्ता काय केलं हो त्याने? माझ्यापुढे उंच माणूस बसलाय."

नुसत्या हावभावांवर नाटकगृह हसलं, की ताईंना हसायला एक श्वास उशीर व्हायचा. सगळे हसून घ्यायचे, भाऊ कानाशी लागायचा आणि मग ताईंचं हसू यायचं, खळखळून, एकटंच. नटांनाही ते ठाऊक झालं होतं. ते पुढचं वाक्य थांबवून धरायचे. आणि मला वाटायचं, या हसण्यात माझाही वाटा आहे. कारण ते कान आणि ते ओठ मीच तर जवळ आणले होते.

मित्रांनो, सुखाला दृष्ट लागते म्हणतात. एका रविवारी दोघंही आले नाहीत. पुढच्या रविवारी नाहीत, त्याच्या पुढच्या नाहीत. दारावर तिकिटं फाडणारे मामा कुणाला तरी सांगत होते, ते मी ऐकलं. भाऊच्या मणक्याचं दुखणं वाढलं होतं आणि पाय कायमचे गेले होते. आता तो चाकांच्या खुर्चीत होता. आमच्या नाटकगृहाला समोर अकरा पायऱ्या. चाकांना पायऱ्या कशा चढता येणार?

दोन वर्षं गेली. माझ्यावर कोण कोण बसलं! एकाने ओली छत्री टेकवली, एकाने पाठीला च्युइंगम चिकटवलं, एक तर तिन्ही अंक घोरला. बसायचं कुणीही, मी वाट बघायची ती एकाचीच. तिसरी घंटा झाली की मी सगळं अंग ताठ करून ती ओळखीची टाच शोधायची. ती नसायचीच.

मग आमचे व्यवस्थापक साहेब मनावर घेते झाले. माणूस मनाचा चांगला. त्यांनी पायऱ्यांच्या बाजूने लांबलचक उतार बांधून घेतला, दार रुंद केलं आणि आत सगळ्यात मागे, दाराला लागून, एक चौकोन निळ्या रंगाने रंगवून त्यावर चाकाच्या खुर्चीचं चित्र काढलं. लाल फीत कापली, टाळ्या झाल्या. त्या टाळ्यांत मीही मनातल्या मनात होते. फक्त एक चूक कुणाच्याच लक्षात आली नाही, माझ्याही नाही. तो चौकोन एकट्याचा होता. चाकावर येणारा माणूस एकटाच येणार, असं सगळे धरून चालले होते.

आले! पुढच्याच रविवारी आले. ताईंनी तिकिटं आमच्याच दोन जागांची काढली होती. चाकांचा आवाज वाटेने माझ्यापर्यंत आला आणि माझ्या वेताचा धागा न् धागा शहारला. एवढ्यात मामा धावत आले.

"भाऊ, इथे वाटेत नाही थांबता येणार. कुणी अडखळून पडलं तर? तुमच्यासाठी मागे खास जागा केलीय."

"मग मीही मागे बसते," ताई म्हणाल्या. "एक स्टूल द्या."

"ताई, दाराशी स्टूल नाही चालत. लोकांना बाहेर पडायला वाट नको का? नियम आहे."

मामांचंही काही चुकत नव्हतं. भाऊ मागे गेला. ताई शेजारणीवर बसल्या आणि त्यांनी आपला हात माझ्या रिकाम्या बैठकीवर ठेवला. नाटक विनोदी होतं. नाटकगृह हसत होतं. ताई गप्प होत्या.

मध्यंतरात भाऊने पहिला अंक घाईघाईने सांगायला घेतला. ताईंनी त्याला थांबवलं. "मला शिळं नको रे वाढूस. लोक हसतात तेव्हाच मला हसायचंय."

असे चार रविवार गेले. खरं सांगते मित्रांनो, दोन वर्षांच्या वाट बघण्यापेक्षा हे चार रविवार मला जड गेले. माझा माणूस त्याच छपराखाली, बारा रांगा मागे, आणि मी मोकळी.

पाचव्या रविवारी खेळ संपला, लोक गेले, पण ताई उठल्याच नाहीत. मामांनी विनवलं, मग साहेबांना बोलावून आणलं.

"ताई, उतार केला, दार केलं, जागा केली," साहेब दुखावल्यासारखे म्हणाले. "आता आणखी काय करू?"

"बसा," ताईंनी माझ्याकडे हात केला. साहेब माझ्यावर बसले. "आता मला सांगा, रंगमंचावर काय चाललंय?"

"काही नाही. सेट काढतायत."

"असं नव्हे. नीट सांगा."

साहेबांनी बघितलं. जरा अवघडले, मग ताईंच्या कानाशी वाकले. "दोघं जण खोटं दार नेतायत... ते खऱ्या दारातून जात नाहीये... आता आडवं केलं... एक जण मधेच अडकला."

ताई खुदकन हसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "हे मी बारा रांगांवरून कसं ऐकू, साहेब? भाऊ आत आला हो, पण माझ्याजवळ नाही आला."

साहेब माझ्या हातावर बोटं फिरवत बसले. मग वाकून माझ्या पायांशी असलेले बोल्ट पाहिले.

"ही एक खुर्ची काढली तर?"

ज्याची मी एवढी वाट पाहिली, त्याच्या येण्याच्या आड मीच होते! भाऊ आपली खुर्ची घेऊनच येत होता. त्याला माझी मांडी नको होती, माझी जागा हवी होती.

सोमवारी सुतारदादा आले. आता तेही थकले होते. तीन बोल्ट निघाले, चौथा निघेना. दादा म्हणाले, "हट्टी आहे कार्टी." हट्टी नव्हते हो मी. फक्त एक क्षण हवा होता. मग मीच सैल सोडलं.

आता मी बाहेर, दाराशी असते. मामांचे गुडघे दुखतात, ते माझ्यावर बसतात. मला भंगारात घालू द्यायचं नाही असं ताईंनी बजावलं होतं. एका दुपारी येऊन त्यांनी माझी खचलेली बैठक नव्याने विणली. "ढिली झालीस गं, माझ्यासारखीच," असं म्हणून तीच जुनी चापट मारली. भाऊ मात्र दर रविवारी माझ्यापुढून चाकांवरून माझ्या जुन्या जागेवर जातो. त्याचं ओझं आता माझ्यावर कधीच येणार नाही. वाईट वाटतं का? वाटतं. खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, मोठे झालात की तुम्ही शाळा बांधाल, मैदानं बांधाल, एखादं नाटकगृहही बांधाल. उतार कराच, दार रुंद कराच. पण येणाऱ्याला एवढं नक्की विचारा, "तुमच्याबरोबर कोण आहे?" आणि त्या दोघांच्या मधे माझ्यासारखं कुणी घट्ट बसलं असेल, तर त्याला प्रेमाने जरा सरकायला सांगा.

बघा, तिसरी घंटा झाली. मामांनी दार लावलं. रविवारची दुपार आहे, नाटक विनोदी आहे. मी कान देऊन बसते. आत अख्खं नाटकगृह हसतं. मग एक श्वास जातो. आणि मग ताई हसतात.