सारखी मजुरी

भोकरजवळच्या त्या गावात तनुजा दुसऱ्यांदा आली ती खुशीतच. ती लातूरच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायची. खरी माहिती कळली की बाई-पुरुषांबद्दलची माणसांची मतं बदलतात का, हा तिच्या संशोधनाचा विषय. उन्हाळ्यात तिनं गाव गोळा करून सांगितलं होतं, की त्याच रानात तेवढंच राबून बाईच्या हातावर गड्यापेक्षा किती कमी मजुरी पडते. "बाईचं काम हलकंच असतंय," म्हणणाऱ्या, गावातले मोठे शेतकरी असलेल्या शेषेरावांनी शेवटी सगळ्यांदेखत कबूल केलं होतं, "हाव, हे बराबर न्हाई." मतं किती बदलली ते पाहायला, तेव्हा विचारलेलेच प्रश्न आता पुन्हा विचारायचे होते.

सोयाबीनची काढणी ऐन भरात होती, आणि दरवर्षी शेषेरावांच्या काढणीला जाणाऱ्या चांगुणाबाई दारात तांदूळ निवडत बसलेल्या.

"तुम्ही घरी कशा?"

"बोलवत न्हाईत." त्यांनी मान वर केली नाही. "तुम्ही सांगून गेलात, मग आम्ही बायांनी शेषेरावाला सारखी मजुरी मागितली. देतो म्हणले. अन् दुसऱ्या दिशी समदे गडीच लावले. आमचे मालक बी तिथंच हायत."

"तुमचे यजमान? ग्यानोबा?"

"हाव. आता मीठ आणायचं तरी त्यांच्याम्होरं हात पसरायचा."

तनुजा तडक रानात गेली. शेषेराव हसतच सामोरे आले. "या ताई! तुमच्यामुळं डोळे उघडले बघा. मी भेदभाव बंद केला. पण पैसे सारखेच द्यायचे तर गडीच बरा की, पोतं बी उचलतो."

"पण बायांचं काम गेलं ना!"

"ते पुढच्या साली बघू."

मागे ग्यानोबा खाली मान घालून सपासप विळा चालवत होता.

परत येऊन तनुजा चांगुणाबाईंशेजारी बसली.

"मजुरी मागितल्यावर असं व्हईल, हे ठाऊक होतं तुम्हाला?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"नाही. तो विचारच केला नाही मी."

"करायचा होता, ताई." तांदळातला खडा बाजूला टाकत त्या म्हणाल्या, "विचारा तुमचं काय ते."

"बाईला गड्याइतकी मजुरी असावी?"

"असावीच."

दिवसभरात जवळजवळ सगळ्या गावानं हेच उत्तर दिलं. शेषेरावांनीही. लातूरच्या एसटीत बसल्यावर तनुजाच्या ध्यानात आलं, तिला हवा होता तो निष्कर्ष हाती आला होता. काम कुणाला मिळालं, हे मात्र तिच्या प्रश्नांत कुठंच नव्हतं.