मेहेरबानीची वाट

रंगनाथने बाभळीची फांदी ओढून पेरूच्या बागेतली वाट अडवली. आबिदाने डोक्यावरचं सुताचं टोपलं न उतरवता ती पायाने बाजूला सारली आणि रोजच्यासारखी नासर्डी नदीकडे निघून गेली. ती भांडली असती तर निदान त्याला बरं वाटलं असतं.

बाग त्याने गेल्याच साली विकत घेतली होती. तिथे बंगला बांधायचा होता, आणि बंगल्याच्या अंगणातून रंगारणीने ये-जा करावी हे त्याच्या डोळ्यांत खुपत होतं. तिला दुसरी वाट म्हणजे ओलं सूत घेऊन मैलभराचा वळसा.

तो तावातावाने वकिलांकडे गेला. त्याला फौजदारीच करायची होती. वकिलांनी पान लावता लावता विचारलं, बाई आत येऊन करते काय? नदीवर जाते, रंगवलेलं सूत धुते, परत येते. पेरू तोडते? नाही. शिव्या देते? तेही नाही.

"मग गुन्हा कसला? नुसतं पाऊल टाकून भागत नाही, त्रास द्यायचा हेतू लागतो," वकील म्हणाले. "किती वर्षं येते?"

"अठरा, म्हणते."

"आणखी दोन वर्षं अशीच न विचारता आली, तर वाट तिच्या हक्काची होईल. अडवू नका, परवानगी द्या. अंगठा घ्या. हक्क मोडता येत नाही, मेहेरबानी केव्हाही काढून घेता येते."

दुसऱ्या दिवशी रंगनाथ कागद घेऊन वाटेवर उभा राहिला. शेठ मेहेरबानीने वाट देत आहेत, ती त्यांच्या मर्जीवर राहील, एवढाच मजकूर त्याने वाचून दाखवला. त्यात एक शब्द खोटा नव्हता. शाईची डबी मात्र घरी राहिली होती. पण तिचा अंगठा निळ्या रंगाने ओलाच होता, तो नीट उमटला.

"एवढं कोण लिहून देतं, शेठ?" ती म्हणाली. "अल्ला तुमचं भलं करो."

रंगनाथला लाज वाटली. कागदाची मात्र त्याने जपून घडी केली.

तेव्हापासून ती फाटकाशी थांबू लागली. शेठ, जाऊ का, विचारायची. तो मान हलवायचा, मग जायची.

पुढे तो दोन दिवस सिन्नरला लग्नाला गेला. परतल्यावर बागेचा राखणदार सावळीराम म्हणाला, रंगारीण दोन्ही दिवस ऊन चढेस्तोवर फाटकाशी उभी होती, मग वळसा घालून गेली.

"म्या म्हनलं, जा की, फाटक उघडंच हाय. तर म्हनली, आता कागद झालाय, शेठला इचारल्याबिगर कशी जाऊ?"