माझ्या अंगावरची तीन बोटं

मित्रांनो, मी एक जुनी वीट आहे, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. बाकी सगळा घोळच आहे.

अमेरिकेतल्या चार्ल्सटन शहरात, खाऱ्या वाऱ्याच्या तोंडी असलेल्या एका बंगल्याच्या भिंतीत माझा मुक्काम आहे. माझा जन्म नदीकाठच्या भट्टीवर झाला. मालक गोरा, राबणारे सगळे काळे गुलाम. साच्यातून काढून मला उन्हात ठेवलं होतं. मी ओलीच असताना तीन बोटांनी मला धरून कुशीवर वळवलं. त्यांचे खळगे माझ्या अंगावर कायमचे राहिले.

भिंत रचताना गवंड्याने ती बाजू आत दडवली. पुढे १८८६ चा मोठा भूकंप झाला आणि भिंतीबरोबर मीही कोसळले. पुन्हा रचताना दुसऱ्या एका गवंड्याने मला बराच वेळ हातात धरलं आणि खुणांची बाजू रस्त्याकडे केली. मुद्दाम की चुकून, ते मला आजवर कळलेलं नाही.

तेव्हापासून वाटाडे पाहुण्यांना घेऊन माझ्यापुढे थांबतात. एक म्हणतो, हे घर कर्नलसाहेबांनी बांधलं, ही त्यांचीच बोटं. दुसरा म्हणतो, फाशीला नेताना एका समुद्री चाच्याने भिंत घट्ट धरली होती. इतकी माणसं इतक्या ठामपणे बोलतात म्हटल्यावर माझाच माझ्या आठवणीवरचा विश्वास उडाला. खरं सांगते, कर्नलची वीट म्हणून मला थोडा तोराही चढला होता.

परवा घराच्या मालकीणबाई, मिसेस हार्वी, यांनी भिंतीची डागडुजी काढली.

"ही वीट खराब दिसते, मॅनिगॉल्ट. काढून टाका," त्या गवंड्याला म्हणाल्या.

"अहो बाई, ती कर्नलसाहेबांची बोटं आहेत," तिथे उभा असलेला वाटाड्या म्हणाला.

फुटपाथवर गवताच्या टोपल्या विणणारी अल्थीयामावशी खुदकन हसली. "कर्नल चिखलात हात घालायचा होय? बुटाची नाडीसुद्धा दुसऱ्याकडून बांधून घेणारी जात ती. लावून बघ की तुझं बोट, तूही बाप्या माणूसच आहेस."

वाटाड्याने बोट लावलं. ते खळग्यात मावेना. मॅनिगॉल्टचं तर नखच अडलं. मावशीची करंगळीही बसेना. शेवटी मालकीणबाईंनी आपलं सडपातळ बोट टेकवलं. तेही बाहेरच राहिलं.

"किती वर्षांचं असेल हो ते लेकरू?" त्यांनी हळूच विचारलं.

"सात. फार तर आठ," मॅनिगॉल्ट म्हणाला.

बाईंनी आपलं बोट मागे घेतलं. मग "राहू दे तिला तशीच," एवढंच म्हणून बाई आत गेल्या. मॅनिगॉल्टने माझ्याभोवती नवा चुना भरला.

आता तरी माझा घोळ संपायला हवा होता, पण तो वाढलाच आहे. या शहरातल्या झाडून साऱ्या थोरामोठ्यांची नावं मला तोंडपाठ आहेत. त्या लेकराचं नाव तेवढं माहीत नाही. मुलगा होता की मुलगी, तेही नाही. भट्टीवर कुणीतरी त्याला हाक मारली असेलच. पण ओल्या विटेत बोट उमटतं, हाक उमटत नाही.

मित्रांनो, जुन्या भिंतीवरून हात जरा जपून फिरवा. आणि ते नाव कुठे सापडलं, तर माझ्यापुढे येऊन एकदा मोठ्याने म्हणा. बाकीची सगळी नावं मी विसरायला तयार आहे.