तरशिणीने परत मागितलेला बोकड

ज्या वर्षी म्हाताऱ्या नामूंगाच्या लेकीला, ट्वाम्बोला, पहिली मुलगी झाली आणि ऐन पावसात झाली म्हणून तिचं नाव मायंझा, म्हणजे पावसाळा, ठेवलं, त्या वर्षी मला शाळेच्या अंगणातल्या उंबराला टांगलं.

मित्रांनो, मी एक जुनी रिम आहे. लॉरीच्या चाकात टायरच्या आत जे लोखंडी कडं असतं, ते मी. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. भट्टीचा ताप तेवढा आठवतो. मग कितीतरी वर्षं मी मक्याची पोती वाहणाऱ्या लॉरीखाली धावले. दक्षिणेच्या रस्त्याला लागलं की दूरवर आभाळात धूर चढलेला दिसायचा आणि जमीन गुरगुरायची. तो धूर नव्हे, मोसी-ओआ-टुन्याच्या धबधब्याचे तुषार. ड्रायव्हर दर वेळी म्हणायचा, "परतताना थांबू." तो कधीच थांबला नाही. पुढे एका खड्ड्यात माझी कड वाकली आणि मी गॅरेजमागच्या गवतात पडले. धावणारं चाक सगळ्यांना दिसतं, गवतातलं कुणाला दिसत नाही.

तिथून मला हाचिपुका गुरुजींनी उचलून आणलं. ते इथले हेडमास्तर. त्यांनी मला तारेने उंबराला टांगलं आणि शेजारी एक जाड बोल्ट बांधला. त्या बोल्टने मला भराभर ठोकलं की शाळा भरायची. हळूहळू, थांबून थांबून ठोकलं की गावाने हातातलं काम टाकून धावत यायचं, कारण तो आग लागल्याचा किंवा कुणी गेल्याचा ठोका. मुलांचे पाढे आणि मुळाक्षरं ऐकत ऐकत मीही थोडं शिकले. पण सुट्टी लागली की अंगणात मी एकटीच. वाऱ्याने बोल्ट हलून लागला तर तेवढीच सोबत.

आमच्या टोंगा मुलखात कूळ आईकडून येतं. हाचिपुका गुरुजी शेळीच्या कुळातले, नामूंगा तरसाच्या कुळातली. ही दोन कुळं एकमेकांची थट्टेची कुळं. भर बाजारात एकमेकांना वाटेल ते बोलावं, आणि ऐकणाऱ्याने राग मानू नये. मानलाच, तर वर कोंबडीचा दंड.

"काय गं तरशिणी, आज कुणाचं हाड चघळून आलीस?" गुरुजी हाक मारायचे.

"तुझ्या आज्याचं. फार चिवट निघालं, बोकडा!"

एका साली तर नामूंगाने आपणच मेल्याचा निरोप गुरुजींना धाडला. बिचारे मयताच्या घरी द्यायला साखर घेऊन धावत गेले, तर ही दारात बसून शेंगा सोलतेय. "आण ती साखर," म्हणाली, "मेल्यावर चहा फार गोड लागतो." गाव आठवडाभर हसत होतं.

मग दुष्काळाचं साल आलं. त्याच साली शाळेची सहल मोसी-ओआ-टुन्याला जायची होती. पैसे कुणाकडेच नव्हते, म्हणून गुरुजींनी सांगितलं, घरात असेल ते आणा. कुणी मका आणला, कुणी कोंबड्या. नामूंगाने तिच्याकडे उरलेलं एकुलतं एक जनावर आणलं. एक कान पांढरा असलेला काळा बोकड. तो माझ्याच खाली, उंबराच्या बुंध्याला बांधला. व्यापाऱ्याची लॉरी आली की त्या सगळ्याच्या बदल्यात बस ठरायची होती. मायंझा मधल्या सुट्टीत बोकडाला पाला घालायची आणि त्याच्या पांढऱ्या कानात सांगायची, "तुझ्यामुळे मी जाणार बरं का."

पण सहलीच्या आधी ट्वाम्बो आजारी पडली. पाण्याचा घोटही पोटात ठरेना. दवाखान्यातली नर्स म्हणाली, हिला मिशनच्या मोठ्या इस्पितळात न्या, उशीर करू नका. दुकानदाराकडे पिकअप होती, आणि डिझेलच्या बदल्यात त्याला बोकड चालणार होता. मायंझाला तर आता घरी धाकट्या भावाला सांभाळायलाच हवं होतं. म्हणून नामूंगा शाळेत आली.

"गुरुजी, मायंझाचं नाव सहलीतून काढ. माझा बोकड मला परत दे."

गुरुजींनी वर पाहिलं आणि टाळी वाजवली. "ऐकलंत का? तरस बोकड मागायला आलंय!"

व्हरांड्यातले शिक्षक हसले. पोरंही हसली.

"माझी लेक आजारी आहे रे."

"असेल, असेल. तू स्वतः मेली होतीस, तिचं नुसतं दुखतंय! आणि औषध काय म्हणे, तर मटण!"

नामूंगा उभी राहिली. बोकडाकडे एकदा पाहिलं आणि निघून गेली. ती गेल्यावरही अंगणात हसू घुमत होतं. दुष्काळात हसायला दुसरं होतंच काय? गुरुजींचं मन वाईट नव्हतं, मित्रांनो. ते रीतीनेच वागत होते.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. या वेळी तिने कमरेला कापड नीट गुंडाळलं होतं. गुरुजींसमोर उकिडवी बसली, खाली पाहून हलक्या टाळ्या वाजवल्या, मोठ्या माणसापुढे बायका वाजवतात तशा. आपल्या मुलखात याहून जास्त आर्जव करता येत नाही.

गुरुजींनी पोट धरलं. "अरे देवा! हे सोंग तर साखरेहून भारी आहे! ऊठ गं, गुडघे मोडतील तुझे."

"हाचिपुका," ती हळूच म्हणाली. इतक्या वर्षांत तिने त्यांना नावाने हाक मारलेली मी प्रथमच ऐकली. गुरुजींना ती ऐकूच गेली नाही. ते शिक्षकांना सोंग दाखवायला बोलावत होते.

गंभीर बोलायचं असेल तर तिसऱ्या कुळाचं माणूस मध्ये घालायचं, ही जुनी वाट होती. पण तिचा नवरा, हत्तीच्या कुळातला, कधीच गेला होता. ती एकटी होती. मी वरून सगळं पाहत होते. माझ्यापाशी आवाज होता, पण कुणी ठोकल्याशिवाय तो निघत नाही.

व्यापाऱ्याची लॉरी यायची त्या सकाळी नामूंगा आली ती व्हरांड्याकडे गेलीच नाही. सरळ माझ्याकडे आली. बोल्ट हातात घेतला आणि मला ठोकलं. थांबली. पुन्हा ठोकलं. थांबली.

गाव धावलं. शेतातून, विहिरीवरून, पिठाचे हात तसेच घेऊन. गुरुजी वर्गातून खडूसकट पळत आले.

"कोण गेलं? नामूंगा, कोण गेलं?"

"अजून कुणी नाही," ती म्हणाली. "गेल्यावर ठोकून काय करू? म्हणून आधीच ठोकतेय."

कुणी हसलं नाही. गुरुजींनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, बहुतेक त्या आठवड्यात पहिल्यांदाच. मग ते खाली बसले आणि बोकडाची गाठ सोडू लागले. गाठ सुटेना. शेवटी दाताने सोडली. बोकड खांद्यावर घेतला आणि तिच्या मागोमाग दुकानदाराकडे निघाले. शेळीच्या कुळाचा माणूस तरसाच्या घरचा बोकड वाहून नेत होता.

पिकअप गेली. पुढे काही दिवसांनी सहलीची बसही गेली. गुरुजी मायंझाला म्हणाले होते, "तू अशीच चल, पोरी." पण पाठीवर भाऊ होता. बस गेल्यावर ती माझ्याखाली आली, बोल्ट हलकेच टेकवला आणि कान लावला. मी गुणगुणले.

"त्या पाण्याचा आवाज असाच असेल का रे?" तिने पाठीवरच्या भावाला विचारलं. तो झोपला होता.

असाच असतो, पोरी. मला सांगता आलं नाही.

ट्वाम्बो पाऊस लागल्यावर सायकलच्या कॅरिअरवर बसून परतली. काडीसारखी झाली होती, पण जिवंत.

पुढे शाळेला उन्हावर चालणारा भोंगा आला. माझा बोल्ट कुणीतरी नांगराला लावायला काढून नेला. आता माझ्या पोकळीत गांधीलमाश्यांचं घर आहे. मुलं लांबून जातात.

मित्रांनो, मला उतरवा असं मी म्हणत नाही. फक्त शेजारी एक बोल्ट टांगून ठेवा. आणि रोज थट्टा करणारं माणूस एखाद्या दिवशी वेगळ्या तोंडाने आलं, तर हसण्याआधी त्याच्याकडे नीट बघा. माणसाला बोल्ट सापडेलच असं नाही.

नामूंगाच्या मयताच्या दिवशी म्हातारे गुरुजी काठी टेकत इथून गेले. गळ्यात त्यांनी बोकडासारखा दोर बांधला होता. मैदानापलीकडून त्यांचा आवाज आला, "ऊठ गं तरशिणी! तुझा बोकड आलाय, ने!" थट्टेच्या कुळाने मयतातही थट्टा करायची, ही आमची रीत; लोक हसले. परतताना ते माझ्याखाली थांबले. बोल्ट शोधला. नाही मिळाला, तेव्हा बोटांच्या पेरांनी मला ठोकलं, थांबून थांबून. बोटांनी लोखंड वाजत नाही.

मायंझाचा थोरला मुलगा पहिलीत बसला त्या वर्षी, पेरणीच्या आधीच्या तापलेल्या दिवसांत, एका सकाळी नामूंगा गेली.