टाकीतला उसासा

भूमिदेवाच्या देवळीसमोर त्या सकाळी एवढी गर्दी लोटली होती की उदबत्त्यांच्या धुरालाही बाहेर पडायला वाट मिळेना. देवळी केवढी, तर एक फ्रीज आडवा ठेवला तर भरून जाईल. पण देवाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सगळे रस्त्याकडे माना वळवून उभे होते, कारण शू थिएनकाईची मोटरसायकल येणार होती आणि बंद पडणार होती.

ती आली. पुलाच्या अलीकडे, देवळीच्या बरोब्बर समोर तिने दोन आचके दिले, एक ढेकर दिली आणि मान टाकली. ही चौथी खेप होती. एका आजीबाईंनी हात जोडले, दोघातिघांनी मोबाईल वर धरले.

मग वू महाराज पुढे झाले. पोटावर पिवळं रेशमी फडकं, पायात रबरी चपला, गालात सुपारी. अंगात भूमिदेव आला की ते कंबरेत वाकून चालत, कारण देव म्हातारा. मात्र कुणी फळांची टोपली आणली की देव चटकन ताठ होऊन ती उचलून घेई. त्यांनी टाकीवर हात ठेवला, डोळे फिरवले आणि म्हणाले, "उत्तरेच्या वाऱ्या, दक्षिणेच्या पाण्या, यंत्राच्या पोटातल्या जिवा, बोल." मग त्यांनी टाकीचं झाकण फिरवून उघडलं.

फुस्स.

"ऐकलंत?" महाराज घोगऱ्या आवाजात म्हणाले. "देवाने उसासा टाकला. देवाला हे लग्न पसंत नाही."

झाकण लावलं, किक मारली, गाडी सुरू झाली. महाराजांनी तिचं तोंड घराकडे वळवलं, झाकणावर आणखी एक मंतरलेला पिवळा कागद चिकटवला आणि फर्मावलं, की परवा देवाच्या जयंतीला शेवटची परीक्षा. पाचव्यांदा गाडी थांबली तर मुलीचा तांबडा कागद इथेच देवासमोर जाळायचा.

या तांबड्या कागदावर सगळं अडलं होतं. त्यावर मुलीची जन्मतारीख आणि वेळ लिहितात, आणि तो मुलाच्या घरी देव्हाऱ्यात तीन दिवस ठेवतात. तीन दिवसांत घरात काही फुटलं नाही, कुणी भांडलं नाही, तर लग्न ठरलं. थिएनकाईची मुलगी यूनशी आणि पुलापलीकडचा पाइहाओ यांचं दोन वर्षांपासून जमलं होतं. कागद पोचवायचा तेवढा राहिला होता, आणि शू घराण्यात तो बापानेच न्यायचा असतो. योगायोग असा, की वू महाराजांचा एक भाचा लग्नाचा होता आणि त्याचं जन्मवर्ष यूनशीशी फार छान जुळत होतं.

आता माझं सांगते. मी चुआंग. गावात मोटरसायकली दुरुस्त करायचं दुकान माझं, आणि थिएनकाईच्या गाडीला त्या दुकानाची पायरी माहीत नव्हती. त्याचं म्हणणं, नट उजवीकडे फिरवला की घट्ट होतो आणि डावीकडे फिरवला की सैल, यापुढे मेकॅनिकला काय येतं? म्हणून तो सगळं घरीच करायचा. साखळीला तळणीतलं उरलेलं तेल घालायचा, त्यामुळे तो बाजारातून गेला की चार कुत्री मागे लागत. पाय ठेवायची दांडी तुटली तिथे कालथा बांधला होता. पुढच्या ब्रेकची तार गेली तेव्हा कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी ओढून बसवली. त्या दोरीने तो एकदा भाताच्या खाचरात गेला, आणि धडा काय घेतला, तर ब्रेक न बदलता महाराजांकडून एक ताईत आणला. पिवळा कागद, त्यावर तांबडी अक्षरं. लोक तो आरशाला बांधतात. थिएनकाईने तो टाकीच्या झाकणावर चिकटवला आणि पावसात भिजू नये म्हणून वरून सिलिकॉनचा जाड थर फासला.

मी एकदा म्हटलं, "थिएनकाईदादा, माझ्या टेम्पोत बसा, कागद देऊन येऊ."

"नको गं बाई," तो म्हणाला. "देव माझ्यावर रागावलाय. तुझा टेम्पोही बंद पाडेल, मग पुलावर सगळ्यांचाच खोळंबा."

माणूस हट्टी होता, पण मनाने वाईट नव्हता. रात्रंदिवस त्याच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता, की आपल्या हातून असं काय घडलं म्हणून देव मुलीचं सुख अडवतोय. तो नीट जेवेनासा झाला होता, आणि ते पाहून मला महाराजांचा फार संताप यायचा.

चौथ्या खेपेच्या दुपारी यूनशी माझ्या दुकानात आली. ती गावच्या पेट्रोल पंपावर काम करते. डोक्यावर पंपाची टोपी, हातात तेलाचा बंद डबा.

"मावशी, तो उसासा मी रोज ऐकते," ती म्हणाली. "बाबा शेतावरून येऊन पंपावर टाकी भरतात ना, तेव्हा झाकण उघडलं की फुस्स होतं. देव माझ्या पंपावर कशाला येईल उसासे टाकायला?"

मग तिने माझ्या टेबलावरचा खिळा घेऊन डब्याला एक भोक पाडलं आणि डबा उलटा केला. तेल आधी आलं, मग थेंब थेंब झालं, मग थांबलं. तिने दुसरं भोक पाडलं. धार लागली.

मी कपाळावर हात मारून घेतला. तीस वर्षं गाड्या उघडते आणि माझ्या हे लक्षात येऊ नये? टाकीच्या झाकणाला बारीक भोक असतं. पेट्रोल खाली उतरतं तशी त्यातून हवा आत जाते. थिएनकाईने ते ताईत आणि सिलिकॉनने बुजवलं होतं. तो दर वेळी पंपावर टाकी काठोकाठ भरून निघायचा. पंपापासून देवळी चार किलोमीटर. तेवढ्या अंतरात आतली हवा इतकी विरळ व्हायची की पेट्रोल खाली यायचं थांबे आणि इंजीन उपाशी पडे. घर, शेत आणि पंप सगळं एक-दीड किलोमीटरच्या आत, म्हणून एरवी ती कुठेच बंद पडत नव्हती. दुसऱ्या खेपेला उदबत्ती जळेपर्यंत थांबून थिएनकाई झाकण न उघडता तसाच पुढे निघाला होता, तेव्हा ती पुलाच्या मधोमध पुन्हा बंद पडली. आणि महाराजांनी परत पाठवलेली गाडी घराच्या दारात बंद पडायची, पण दारात बंद पडली तर तक्रार कोण करतं? त्याला वाटायचं, चला, किल्ली फिरवायचा त्रास वाचला.

"हे बाबांना सांगितलं," यूनशी म्हणाली, "तर म्हणाले, देवाने अडवायला झाकण निवडलं असेल."

"मग सांगायचं नाही," मी म्हटलं. "दाखवायचं."

जयंतीच्या दिवशी मिरवणूक पंपावरूनच निघाली. वाट शुद्ध करायला महाराज पुढे, त्यांच्या स्वतःच्या मोटरसायकलवर, आणि थिएनकाई मागे, छातीशी तांबडा कागद धरून. दोघांनी टाक्या भरल्या. यूनशीने आदराने दोन्ही झाकणं फडक्याने पुसली. पुसताना महाराजांच्या झाकणाच्या भोकात माझ्या नळीतलं जाड सिलिकॉन चण्याएवढं दाबून बसवलं, आणि बापाच्या झाकणावरच्या ताईतांच्या थप्पीतून दाभण आरपार घातलं.

मी टेम्पोतून आधीच देवळीपाशी जाऊन उभी राहिले. फटाके वाजले, झांजा वाजल्या. महाराज आले, हात वर करून आशीर्वाद देत आले, आणि देवळीच्या समोर त्यांच्या गाडीने दोन आचके दिले, एक ढेकर दिली आणि मान टाकली.

झांजा थांबल्या.

मागून थिएनकाई आला. त्याची गाडी कशी छान चालली होती, आणि तेच पाहून त्याचा चेहरा पांढरा पडला. "थांब गं, थांब," तो गाडीलाच विनवू लागला. शेवटी दोन्ही पाय जमिनीला घासत कसाबसा थांबला. एवढ्या गर्दीसमोर देवाचा मान राखायला त्याला स्वतःच गाडी बंद करावी लागली.

इकडे महाराजांना घाम फुटला होता. दोनशे माणसं बघत होती, आणि मागे तळणीच्या वासाने आलेली चार कुत्रीही. माणूस घाबरला की हात सवयीने चालतात. महाराजांनी ना डोळे फिरवले, ना वाऱ्याला हाक मारली, ना पाण्याला. झटकन झाकण उघडलं, फुस्स झालं, झाकण लावलं, किक मारली. गाडी सुरू.

मग मिरवणुकीबरोबर आलेली यूनशी शांतपणे म्हणाली, "महाराज, मंत्र राहिला."

आधी एक आजीबाई हसल्या, त्याच, चौथ्या खेपेला हात जोडणाऱ्या. मग हसू पसरत गेलं. महाराज म्हणू लागले की कधीकधी देव मंत्राशिवायही ऐकतो. तेव्हा यूनशीने तेलाचा नवा बंद डबा काढला आणि सगळ्यांसमोर एक भोक, मग दोन भोकं करून दाखवली. महाराजांच्या झाकणातलं सिलिकॉन नखाने काढून दाखवलं आणि ते आपणच घातल्याचंही सांगितलं. "मी बंद पाडली," ती म्हणाली, "आणि त्यांनी चालू केली. यात देवाला कशाला मध्ये घेता?" महाराज कंबरेत न वाकता, अगदी ताठ, पुलाच्या उलट दिशेने निघून गेले.

थिएनकाईने स्वतःच्या झाकणावरच्या भोकावर बोट फिरवून पाहिलं. मग मला म्हणाला, "म्हणजे देव रागावलेला नव्हता?"

"नाही हो दादा," मी म्हटलं. "तुमचं सिलिकॉन जास्त झालं होतं."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. नाक पुसून त्याने किक मारली आणि पूल ओलांडला. आम्ही टेम्पोतून मागे होतो. पलीकडे पाइहाओचं घर उताराच्या तळाशी आहे. उतारावर थिएनकाईने ब्रेक दाबला आणि दोरी तुटली. मुलीचा बाप, छातीशी तांबडा कागद, तोंडाने "बाजूला व्हा" असं ओरडत, अंगणातल्या लोणच्याच्या बरण्यांमध्ये थेट घुसला. सात बरण्या फुटल्या.

सगळे थिजले. काही फुटलं की लग्न मोडलं, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. पाइहाओची आजी काठी टेकत बाहेर आली. तिने बरण्या पाहिल्या, मुळ्याचं लोणचं डोक्यावर घेऊन बसलेला व्याही पाहिला, आणि त्याच्या हातातून कागद काढून घेतला.

"बरण्या ब्रेकने फोडल्या," ती म्हणाली. "कागद तर अजून देव्हाऱ्यात ठेवलाही नाही. आत या, जेवण निवतंय."

एवढंच मला सांगायचं आहे. गाडी थांबली तर आधी झाकण उघडून बघा, आणि मग पुढचं एकेक. जे घडतं त्याला कारण असतं, आणि ते बहुतेक आपल्याच हाताने कुठेतरी चिकटवलेलं असतं. ते शोधायला अंगात काही यावं लागत नाही. देवाला नमस्कार करायचा तर खुशाल करा. पण ब्रेक माझ्या दुकानात आणा.